तक्त्यात नसलेला रकाना

मागच्या जूनमधली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला आमचे मॅनेजर डेस्कजवळ आले आणि म्हणाले, "यूझर बिहेवियर अ‍ॅनालिटिक्सची चार-पाच टूल्स बघ जरा. कम्पॅरिझन शीट करून दे. सोमवारी वर दाखवायचीय."

मी नाशिकमध्ये, अंबडच्या बाजूला, एका मध्यम आकाराच्या कंपनीत काम करतो. सहाशेच्या आसपास माणसं आहेत. माझी डिग्री कम्प्युटर इंजिनिअरिंगची, रोजचं काम बॅकएंडचं. पण अशा कंपन्यांमध्ये 'याला सिक्युरिटीतलं थोडंफार कळतं' एवढ्या भांडवलावर माणूस सिक्युरिटी टीम होऊन जातो. तसा मी झालो. शनिवार-रविवार बसून शीट तयार केली. पाच टूल्सच्या पाच ओळी, फीचर्सचे बेचाळीस रकाने. असेल तिथे हिरवी टिक, नसेल तिथे लाल फुली. सोमवारी सगळ्यांनी कौतुक केलं. त्या शीटवरून एक टूल घेतलं गेलं.

ऑक्टोबरच्या शेवटी त्या टूलनं पहिला 'हाय रिस्क' माणूस शोधून काढला. तो माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतो.

हा लेख त्या शीटच्या विरोधात आहे, म्हणजे बराचसा माझ्याच विरोधात आहे. पण इंटरनेटवर अशा शीट्स रोज निघतात, 'टॉप टेन' म्हणून फिरतात आणि त्यावरून खरेद्या होतात. तुम्ही एखाद्या कंपनीत, बँकेत नोकरी करत असाल, तर यातल्या एखाद्या शीटवरून घेतलेलं टूल आत्ता तुमच्याकडे बघत असण्याची चांगलीच शक्यता आहे. त्यामुळे हे तुमच्याही कामाचं आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. सोसायटीचा जुना वॉचमन आठवा. चौथ्या मजल्यावरचे काका सहाला फिरायला जातात, दूधवाला साडेसहाला येतो, हे त्याला पाठ असतं. एक दिवस काका रात्री दोनला सूटकेस घेऊन निघाले की तो विचारतो, "काय काका, सगळं ठीक ना?" वर्तन-विश्लेषणाची सॉफ्टवेअर्स हेच करायचा दावा करतात. तुम्ही किती वाजता लॉगिन करता, कुठून करता, कुठल्या फायली उघडता, किती डेटा उतरवता, या सगळ्याच्या नोंदी ती गोळा करतात. काही आठवडे शिकून तुमचं 'नॉर्मल' ठरवतात. तुमच्यासारखंच काम करणाऱ्यांचा गट बनवून त्यांच्याशी तुम्हाला ताडून बघतात. मग फरक दिसला की मार्क देतात. मार्क जास्त, तर धोका जास्त. गार्टनर या संस्थेनं २०१४ मध्ये या प्रकाराला यूबीए असं नाव दिलं आणि पुढच्या वर्षी त्यात 'ई' घातलं, म्हणजे एंटिटी. माणसांबरोबर सर्व्हर, राउटर, यंत्रं यांचंही वागणं मोजायचं. झालं यूईबीए.

दुकानं भरपूर आहेत. स्प्लंक आहे, जे २०२४ मध्ये सिस्कोनं विकत घेतलं. एक्झाबीम आहे, ज्याचं त्याच वर्षी लॉगरिदमशी विलीनीकरण झालं. सिक्युरॉनिक्स, गुरुकुल, मायक्रोसॉफ्टचं सेंटिनेल आहे. फायलींना कोण हात लावतंय यावर भर देणारं व्हॅरोनिस आहे. आपल्याकडच्या झोहोचं लॉग३६० आहे. पैसे नसतील तर फुकटात मिळणारं, स्वतः जुळणी करून वापरायचं वाझू आहे. कुणी रोज आत येणाऱ्या नोंदींच्या गिगाबाइटवर पैसे घेतं, कुणी डोक्यामागे घेतं. कुणाचा डॅशबोर्ड देखणा, कुणाची जोडणी सोपी. माझ्या शीटमध्ये हे सगळं होतं, आणि ते सगळं बरोबर होतं. आम्ही शेवटी कुठलं घेतलं त्याचं नाव लिहीत नाही, कारण दुसरं कुठलंही घेतलं असतं तरी पुढचं सगळं असंच घडलं असतं.

आता शेजारच्या डेस्कची गोष्ट.

माझ्या या सहकाऱ्याची पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षबाग आहे. वडील थकलेत, भाऊ नाही. नोकरी सांभाळून बाग तोच बघतो. नाशिकच्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही, इतरांसाठी सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली की बागेला माणूस लागतो. पाणी, फवारणी, मध्येच आभाळ आलं तर पुन्हा फवारणी. आणि शेतीपंपाला थ्री-फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते. मग हा रात्री बारा-एकला शेतावर जातो, मोटार चालू करतो आणि शेतातल्या खोलीत बसून राहतो. बसल्या बसल्या लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम उरकतो. दुसऱ्या दिवशी उशिरा आलं तर काम मागं पडू नये एवढाच त्याचा हिशेब.

एका रात्री मोबाइलची रेंज सारखी जात होती, म्हणून त्यानं कोडची अख्खी रिपॉझिटरी एकदाच उतरवून घेतली. म्हणजे नेट नसलं तरी काम चालू राहील.

टूलच्या नजरेतून बघा. नवी वेळ, नवी जागा, नवं नेटवर्क, एकदम मोठा डेटा. शंभरपैकी चौऱ्याण्णव मार्क. दुसऱ्या दिवशी त्याला मीटिंग रूममध्ये बोलावलं, समोर एचआर आणि दोन वरिष्ठ. लॅपटॉप चार दिवस काढून घेतला. लेखी खुलासा मागितला. पाचव्या दिवशी सिस्टिममध्ये त्या अलर्टवर शिक्का पडला, 'क्लोज्ड, बेनाइन'. निरुपद्रवी म्हणून फाइल बंद. त्याला कुणी सॉरी म्हटलं नाही.

आणि हे टूलनं चुकीचं केलं असंही नाही. त्यानं शिकवलं तसंच केलं. आम्ही त्याला शिकायला सोडलं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. पावसाळ्यात रात्री मोटार चालवायला कोण जातं? त्यानं पावसाळ्यातला माणूस 'नॉर्मल' म्हणून लक्षात ठेवला आणि छाटणीनंतरचा माणूस त्याला चोर वाटला. या गोष्टीला आमच्या क्षेत्रात छान नाव आहे, कॉन्सेप्ट ड्रिफ्ट. माझ्या शीटमध्ये 'बेसलाइन किती दिवसांत तयार होते' असा रकाना होता. कमी दिवस म्हणजे चांगलं टूल, असं मी हिरव्या टिकेनं लिहिलं होतं. बेसलाइन वर्षातल्या कुठल्या दिवसांत तयार होते हा रकाना माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी नाशिकचा असून.

एखाद-दुसरी चूक होणारच, त्यावरून साधनाला नावं कशाला ठेवता, असं कुणी म्हणेल. मग आकडेमोड करू. समजा टूल फार चांगलं आहे. एखाद्या निर्दोष माणसावर एखाद्या दिवशी चुकून बोट दाखवण्याची शक्यता फक्त एक टक्का. कंपनीत सहाशे माणसं. म्हणजे रोज सहा निर्दोष माणसं. महिन्यात बावीस दिवस काम, म्हणजे महिन्याला १३२ संशयित. यात खरा चोर कदाचित एकही नाही, कारण खरा चोर अशा कंपनीत काही वर्षांतून एखादा निघतो. ९९ टक्के अचूक म्हणून विकलेल्या वस्तूचं हे गणित आहे आणि ते बारावीच्या संभाव्यतेच्या प्रकरणात बसतं. हे १३२ अलर्ट बघायला आमच्याकडे दीड माणूस आहे. तो अर्धा माणूस मी.

मग काय होतं? पहिले पंधरा दिवस सगळे अलर्ट उघडले जातात. महिन्याभरानं फक्त लाल रंगाचे. तीन महिन्यांनी वरिष्ठ विचारतील तेवढेच. टूल चालू असतं, लायसन्सचे पैसे जात असतात, ऑडिटरला स्क्रीन दाखवता येते. आणि ज्या दिवशी खरं काही घडतं, त्या दिवशीचा अलर्टही त्या ढिगात असतो.

खरं काही घडतं तेव्हा ते कसं दिसतं, याचं आपल्या महाराष्ट्रातलं एक मोठं उदाहरण पुण्याचं आहे. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. त्या दिवशी कॉसमॉस सहकारी बँकेच्या खात्यांतून २८ देशांतल्या एटीएमवर सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. भारतातल्या एटीएमवरून आणखी अडीच कोटी गेले. चोरांनी बँकेच्या एटीएम स्विचच्या जागी स्वतःचा बनावट स्विच उभा केला होता. पैसे काढायची विनंती आली की खरं तर ती बँकेच्या मुख्य प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला, विचारायची असते. हा बनावट स्विच कुणालाही न विचारता 'द्या' म्हणत होता. मग रविवार गेला. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

पुण्यातल्या सहकारी बँकेची कार्डं एका दिवसात २८ देशांत वापरली जातात, हे विचित्र आहे हे ओळखायला मशीन लर्निंग लागत नाही. माझ्या आजीनंही ओळखलं असतं. शिवाय १० ऑगस्टला, म्हणजे आदल्याच दिवशी, अमेरिकेच्या एफबीआयनं बँकांना गुप्त इशारा दिला होता की येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा मोठा डाव शिजतोय. तो इशारा रविवारी बातम्यांमध्येही आला. तरी सोमवारचे जवळपास चौदा कोटी गेलेच. खटला चालला, २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली. ती माणसं साखळीच्या तळाची होती, बनावट कार्डं घेऊन एटीएमसमोर उभी राहिलेली. डाव रचणारे त्यांत नव्हते.

मला या प्रकरणात एक साधी गोष्ट दिसते. स्विच म्हणतोय, मी हजारो व्यवहार मंजूर केले. कोअर बँकिंग म्हणतंय, मला तर कुणी विचारलंच नाही. या दोन वह्या दर पाच मिनिटांनी शेजारी ठेवून बघणारी दहा ओळींची स्क्रिप्ट हा फरक पकडते. आपल्याकडे त्याला ताळमेळ म्हणतात. किराणा दुकानदार रोज रात्री गल्ला आणि वही जुळवतो, तेच. त्यात कुणाच्या वर्तनाचं विश्लेषण नाही, कुणावर मार्क नाहीत. फक्त फरक आला की त्या मिनिटाला, सुट्टीच्या दिवशीही, स्विच बंद करायचा अधिकार असलेला एक माणूस फोन उचलायला हवा.

दुसरं उदाहरण त्याच वर्षाचं, मुंबईचं. पंजाब नॅशनल बँकेची फोर्टमधली ब्रॅडी हाउस शाखा. नीरव मोदी प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या धंद्याच्या नजरेनं ते क्वचित कुणी सांगतं. सीबीआयच्या आरोपांनुसार त्या शाखेतल्या उपव्यवस्थापकानं मोदीच्या कंपन्यांसाठी हमीपत्रं स्विफ्टमधून पाठवली आणि बँकेच्या मुख्य प्रणालीत त्यांची नोंदच केली नाही. हे काही वर्षं चाललं. तो २०१७ च्या मे महिन्यात निवृत्त झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकेनं जाहीर केलेला आकडा होता ११,४०० कोटी रुपयांच्या आसपास, पुढे तो १३ हजार कोटींच्या वर गेला.

आता कल्पना करा, त्या शाखेत जगातलं सर्वांत महागडं वर्तन-विश्लेषण टूल बसवलंय. ते काय शिकलं असतं? हा अधिकारी रोज स्विफ्टमध्ये लॉगिन करतो. रोज याच कंपन्यांसाठी संदेश पाठवतो. गेल्या महिन्यात केलं, त्याच्या आदल्या वर्षीही केलं. त्याचं नॉर्मल हेच. हे टूल फरक शोधतं, आणि फरक नव्हताच. उलट त्यानं एखाद्या आठवड्यात हमीपत्र पाठवलं नसतं तर कदाचित अलर्ट आला असता. जिथे गुन्हा हीच दिनचर्या असते, तिथे दिनचर्येवरून गुन्हा शोधणारं यंत्र गुन्ह्याला प्रमाणपत्र देतं.

मग ते बाहेर कसं आलं? जानेवारी २०१८ मध्ये मोदीच्या कंपन्या पुन्हा हमीपत्र मागायला आल्या. खुर्चीत नवा माणूस होता. त्यानं नियमाप्रमाणे शंभर टक्के रोख मार्जिन मागितलं. ते म्हणाले, आम्हाला आजवर कधी लागलं नाही. मग शाखेत जुनी कागदपत्रं शोधली गेली आणि काही सापडेना. एका माणसानं एक कंटाळवाणा, नियमातला प्रश्न विचारला. आणि हे जाहीर झाल्यावर रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की स्विफ्टच्या गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना सावध केलं होतं. मग ३० एप्रिल २०१८ पर्यंत स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडण्याची मुदत दिली. म्हणजे पुन्हा तेच. इशारा होता, ऐकणारं कुणी नव्हतं. उपाय होता ताळमेळाचा.

तिसरं उदाहरण आमच्या शहरातलं आहे आणि रकमेच्या मानानं अगदी लहान. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये देशाच्या नोटा छापल्या जातात. तिथल्या बंदोबस्ताबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये बातमी फुटली की तिथून पाचशेच्या नोटांचे पाच लाख रुपये गायब आहेत. पोलिसांत तक्रार झाली, टीव्हीवर दिवसभर चर्चा झाली, गावभर तर्क चालले. शेवटी पोलिस तपासात निघालं की चोरी झालीच नव्हती. ते गठ्ठे कामाच्या घाईत बाद नोटांसोबत पंचिंगला जाऊन नष्ट झाले होते. ज्यांच्या हातून हे झालं ते कर्मचारी कारवाईच्या भीतीनं गप्प बसले होते.

पाच लाख म्हणजे पाचशेच्या एक हजार नोटा. शंभर-शंभरचे दहा गठ्ठे. इतक्या कॅमेऱ्यांच्या, तपासण्यांच्या जागेत एक साधी चूक कित्येक महिने लपून राहिली, कारण 'साहेब, चुकलं' म्हणायची सोय नव्हती, किंवा ती आहे असं त्या माणसांना वाटत नव्हतं. नजर जितकी कडक, तितकी माणसं चुका लपवण्यात तरबेज होतात. आणि सायबर सुरक्षेत लपवलेली चूक ही सर्वांत महाग वस्तू असते. फिशिंगच्या लिंकवर क्लिक केलेला माणूस पाच मिनिटांत 'माझ्याकडून क्लिक झालं' म्हणून फोन करतो की तीन दिवस घाबरून गप्प बसतो, यावर कंपनी वाचते किंवा बुडते. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागतात आणि १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवाव्या लागतात. नोंदी जपायला डिस्क विकत मिळते. सहा तासांत खरं बोलणारी माणसं विकत मिळत नाहीत.

आमच्या ऑफिसात त्या चार दिवसांनी काय शिकवलं? सहकाऱ्यानं रात्रीचं काम बंद केलं. इतरांनी ऑफिसच्या लॅपटॉपवर नको म्हणून फायली स्वतःच्या जीमेलवर पाठवायला, पेन ड्राइव्हवर घ्यायला सुरुवात केली. म्हणजे टूल येण्याआधी जे दिसत होतं ते आता दिसेनासं झालं. ही सुरक्षा वाढली म्हणायची?

आता थोडा नाजूक मुद्दा. अशी टूल्स विकणारी मंडळी डेमोमध्ये एक जादा टॅब उघडून दाखवतात. कोण किती वेळ कीबोर्डला हात न लावता बसलं, कोण कुठल्या साइटवर किती मिनिटं होतं. आमच्या डेमोतही दाखवला. सुरक्षेच्या मीटिंगमध्ये त्या टॅबपाशी वरिष्ठांचे डोळे चमकले, हे मी स्वतः बघितलं. टेरामाइंडसारखी उत्पादनं तर स्क्रीनचं रेकॉर्डिंग आणि दाबलेल्या कळांची नोंद हे उघडपणे फीचर म्हणून सांगतात. चोर पकडणं आणि चहाला किती वेळ गेला ते मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. पण ती एकाच दुकानात, एकाच बिलावर मिळतात, आणि खरेदीच्या कागदावर कारण फक्त पहिलंच लिहिलं जातं. मीही तेच लिहिलं होतं. 'प्रॉडक्टिव्हिटी इनसाइट्स' या रकान्यात हिरवी टिक केली होती. फुकट मिळतंय तर वाईट काय, असं वाटलं होतं.

कायदा वाचवेल असं वाटत असेल तर तेही बघून ठेवा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, गुपितं राखण्यासाठी कर्मचाऱ्याचा डेटा संमतीशिवाय वापरायची वाट ठेवली आहे. हेतू समजण्यासारखा आहे. चोरानं संमती द्यावी अशी अपेक्षा कुणी करत नाही. पण 'नुकसान टाळणं' या दोन शब्दांत किती टॅब मावतात, हे डेमो बघितलेल्या माणसाला विचारा.

आता उलट बाजू. ही साधनं कुचकामी आहेत असं मी म्हणत नाही. चोरलेल्या पासवर्डच्या बाबतीत ती खरंच उपयोगी पडतात. सकाळी दहाला नाशिकमधून लॉगिन झालेलं खातं साडेदहाला दुसऱ्या खंडातून उघडलं गेलं, तर ते लगेच कळायलाच हवं. रात्री तीनला एखादा सर्व्हर अचानक कधी न बोललेल्या पत्त्याशी बोलायला लागला, तर तेही. यंत्राचं वागणं बहुतेक वेळा खरंच एकसुरी असतं, त्यामुळे त्यातला फरक बोलका असतो. यूईबीएमधल्या 'ई'ला माझा आक्षेप नाही. स्विचला बाग नसते. आक्षेप आहे तो माणसाला स्विच समजण्याला, आणि त्याहून जास्त, अलर्टनंतर काय करायचं हे न ठरवता अलर्ट विकत घेण्याला.

'मग काय, भोळेपणानं बसायचं? आतल्या माणसानं डेटा विकला तर?' हा प्रश्न मला मीटिंगमध्ये विचारला गेला. रास्त आहे. त्यावर माझं उत्तर असं, की आतल्या माणसाला रोखणाऱ्या जुन्या गोष्टी आधी करा. एका माणसाच्या हातात सुरुवात आणि मंजुरी दोन्ही देऊ नका. खुर्च्या ठरावीक काळानं बदला. सक्तीची रजा द्या, कारण त्या दिवसांत दुसरा माणूस वही उघडतो. दोन प्रणालींचा ताळमेळ रोज घाला. ज्याला ज्या फायलीची गरज नाही त्याला ती दिसू देऊ नका. या सगळ्याला सॉफ्टवेअरचं लायसन्स लागत नाही, म्हणून त्याची कम्पॅरिझन शीटही कुणी मागत नाही. ब्रॅडी हाउसमध्ये यातलं एक जरी वेळेवर झालं असतं तरी प्रकरण इतकी वर्षं चाललं नसतं.

त्यानंतर मी माझी शीट पुन्हा उघडली. बेचाळीस रकान्यांच्या पुढे काही नवे रकाने घातले. अलर्ट आल्यावर पहिला फोन कोण करणार, आणि तो दुसऱ्या शनिवारीही उचलणार का? ज्याच्यावर अलर्ट आला त्याला आधी विचारणार की आधी लॅपटॉप काढून घेणार? डायरेक्टरच्या खात्यांवरही हेच मार्क लागणार की त्यांची नावं वगळलेल्या यादीत जाणार? कर्मचाऱ्याला स्वतःचे मार्क आणि त्यामागचं कारण बघता येणार का? निर्दोष ठरला तर नोंद पुसणार का, आणि माफी कोण मागणार? हे टूल पगारवाढीच्या मीटिंगमध्ये उघडलं जाणार नाही, असं कुणी लिहून देणार का?

हे रकाने कुठल्याही विक्रेत्याला भरता येत नाहीत. ते आपणच भरायचे असतात. म्हणूनच जगातल्या कुठल्याही 'टॉप टेन' यादीत ते नसतात. ते भरून झाल्यावर पाचही टूल्समध्ये फारसा फरक उरत नाही. ते रिकामे ठेवले तर पाचही सारखीच घातक.

नवी शीट मी मॅनेजरना पाठवली. उत्तर आलं, 'गुड पॉइंट्स, लेट्स डिस्कस.' अजून डिस्कस झालेलं नाही. लायसन्सचं नूतनीकरण मात्र वेळेवर होणार आहे. पण एक झालं. आता अलर्ट आला की मीटिंग रूमच्या आधी मी त्या माणसाच्या डेस्कवर जातो आणि विचारतो. हा नियम नाही, मीच सुरू केलंय. बहुतेक वेळा दोन मिनिटांत उत्तर मिळतं. कुणाचं बाळ आजारी असतं, कुणी सासरी गेलेलं असतं, कुणाची बाग असते.

शेजारच्याला मी बरेच दिवस सांगितलं नव्हतं की ती शीट माझी होती. मागच्या महिन्यात टपरीवर चहा घेताना सांगून टाकलं. त्यानं ग्लास ठेवला, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग पुढच्या शीटमध्ये महावितरणचं टाइमटेबल पण टाक."